टाचण्यांवरचा आळ

शिवणकाम करणाऱ्या बाईचा जबडा दुखला, की सगळे एकाच गोष्टीवर खापर फोडतात: टाचण्या! आमच्या शिवणाच्या दुकानातल्या मास्तरीणबाईंचंही तेच. कापड टाचताना आठ-आठ टाचण्या दातांत धरायची त्यांची जुनी सवय. तीन दिवस जबडा ठणकत होता, पाठ भरून आली होती, जिना चढताना धाप लागत होती, तरी बाई आपल्या मशीनवरच.

"टाचण्यांचंच आहे ते," कापड बेतता बेतता त्यांचा नवराही म्हणाला. सगळे त्याला दादा म्हणत.

दुकानात काजं-बटणं करणारी बाई इतकी बडबडी, की तिचं नावच पडलं होतं रेडिओ. तिचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. त्या सकाळी मात्र रेडिओ एकदम गप्प झाला. डोक्यावर पंखा फिरत असताना मास्तरीणबाईंना दरदरून घाम फुटला होता.

"बाई, आ करा बघू."

"काय खुळी आहेस का गं?"

"करा तर! कुठंय टाचणी? तीन दिवस नुसत्या चादरींच्या कडा शिवताय. मग जबडा दुखवतंय कोण?"

"अगं, चादरी आजच द्यायच्यात..."

"खड्ड्यात गेल्या चादरी! गेल्या वर्षी दादांच्या छातीत कळ आली, तर तुम्ही हातातलं टाकून धावलात. निघालं काय? गॅस! त्यांच्या गॅसला दवाखाना आणि तुमच्या दुखण्याला टाचण्या?"

"पण माझ्या छातीत कुठं दुखतंय?"

"बायकांचं दरवेळी छातीतच दुखतं असं नाही, बाई. माझी बहीण पाठ दुखते, पाठ दुखते म्हणत गेली. हृदय होतं ते. तेव्हा मी गप्प बसले. आज नाही बसणार!"

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं कात्री ठेवली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

हृदयविकाराचा झटकाच होता! "वेळेत आणलंत. ओळखलं कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नवऱ्यानं रेडिओला पुढं केलं. शाळेची पायरी न चढलेली ती बाई, पण तिनं जे हेरलं ते आम्हा शहाण्यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं. धन्य तिची!

दोन महिन्यांनी मास्तरीणबाई परतल्या. आल्या आल्या त्यांनी चिंध्या भरून मनगटावर बांधायच्या छोट्या गाद्या शिवल्या, टाचण्या खोचायला. पहिली रेडिओच्या मनगटावर बांधली, मग शिवण शिकायला येणाऱ्या एकेकीच्या.

"पोरींनो, माप अंगावरून काढायचं असतं," त्या म्हणाल्या, "दुखणं अंगावर काढायचं नसतं! आणि आता जबडा दुखला, तर टाचण्यांचं नाव सांगायचं नाही. सरळ डॉक्टर गाठायचा."

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या आईला, बायकोला, बहिणीला एवढंच विचारा: "तुझं काय दुखतंय?" आणि ती "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा विचारा.