हलकेबाबांचा काटा

बाई काट्यावर चढली. लाल आकडे थरथरले, थांबले, आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. मघापेक्षा सातशे ग्रॅम कमी. ना उपास, ना गोळी, ना जुलाब. बाईने फक्त तासभर डोळे मिटून बसायचं आणि मनातल्या चिंता एकेक करून सोडून द्यायच्या.

"गेली," हलकेबाबा हात पसरून म्हणाले. "सातशे ग्रॅम चिंता गेली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती बाई खाली उतरताना रडत होती. तिच्या मागे रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि जिन्यावरून खाली, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानापर्यंत. दुकानदार वैतागला होता. गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट नव्हती.

रांगेत बँकेतला कारकून होता, शाळेतल्या बाई होत्या, मुलीच्या परीक्षेने स्वतःच आजारी पडलेली एक आई होती. पण निम्म्याहून जास्त बायका शर्टांच्या कारखान्यातल्या. आठवड्याची एक सुट्टी, ती त्यांनी बाबांना वाहिली होती.

बाबा म्हणजे जटा-दाढीचं प्रकरण नव्हे. पांढरी पँट, मऊ बूट, कॉलरला चिकटवलेला माइक. बोलणं कसं, तर गरम तव्यावर लोणी टाकावं तसं.

"शरीर जड नसतं, ताई. जड असतो विचार. आपण म्हणतो ना, मनावर ओझं आहे? म्हणतो की नाही? मग ओझं आहे तर त्याला वजन नको? आपली भाषा खोटं बोलेल का?"

मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माईंना हे ऐकून हसूच आलं. जीव टांगणीला लागला असंही आपण म्हणतो, म्हणून काय कुणी खुंटी शोधत फिरतं? त्यांनी हे शेजारणीच्या कानात सांगितलं. शेजारीण सरकून बसली.

माईंचं सगळं आयुष्य रद्दीच्या दुकानात गेलं होतं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने चालवलं, मुलगा वाढवला, आणि गल्लीत कुणाची त्यांच्याकडे मान वर करून बोलायची टाप नव्हती. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली म्हणायची. पण जिभेला धार अशी, की दूधवालासुद्धा माप भरून घालून गुपचूप निघून जायचा. त्या इथे आल्या त्या बाबांसाठी नाही. सुनेसाठी आल्या होत्या.

सून त्याच शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायची. कारखान्याची रीत अशी, की मशीनच्या साऱ्या ओळीला मिळून लघवीला जायचा बिल्ला एकच. तो खिळ्याला टांगलेला. एकीने उचलला की ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी दम धरायचा. म्हणून बायका पाणीच पीत नसत. सकाळी घोटभर, मग घरी गेल्यावर. डोकी दुखायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, छातीत धडधडायचं. सगळ्याला नाव एकच, ताण. फार सोयीचा शब्द आहे हा. काहीही कोंबा, आत बसतं.

गेल्या काही महिन्यांत सून सारखी बिल्ला उचलायला लागली होती. पर्यवेक्षिणीने तिचं नाव 'नळ' ठेवलं. ओळीतल्या बायका हसायच्या आणि चिडायच्याही, कारण हिच्यामुळे त्यांचा नंबर लागेना. तिला तहान तर अशी लागायची की घरी आली की माठापाशीच बसायची. हात गळून जायचे. डोळ्यांपुढे धुरकट व्हायचं, सुई दोनदा बोटात गेली. तिनेही म्हटलं, ताण. नवरा लांबच्या रस्त्याला गाडी घेऊन जाणारा, महिन्यातून कधीतरी उगवणारा. वर घरात सासू, आणि सासू कोण, तर माई. ताण नसेल तर काय असेल?

हलकेबाबांच्या काट्यावर मात्र सून राणी होती. बाकीच्यांचं तासाभरात उतरायचं आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा जागेवर यायचं. सुनेचं उतरायचं ते परत चढतच नव्हतं. दर वेळी आल्या आल्या, पहिल्याच मापाला मागच्यापेक्षा कमी. बाबांनी तिला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. "या ताईंकडे बघा," ते म्हणायचे, "यांनी धरून ठेवणं सोडलंय."

माईंनी तिच्या पोलक्यांच्या शिवणी दोनदा आत घेतल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. त्यांना ते बघवत नव्हतं, पण तोंडातून निघालं ते असं, "खात जा जरा, लोक म्हणतील सासू उपाशी मारते." मायेची गोष्ट सरळ सांगायची त्यांना सवयच नव्हती.

तर त्या दिवशी माई सगळा खेळ डोळे फाडून बघत होत्या. दारात पांढऱ्या साडीतली सेविका प्रत्येकाच्या हातात पाण्याने भरलेला जग द्यायची. पेला नाही, जग. त्याला म्हणायचं शांतिजल, आणि ते उभ्या उभ्या संपवायचं, थेंब उरला तर चिंता उरते. मग पहिलं वजन. मग खिडक्या लावलेल्या खोलीत पंखे बंद करून, अंगावर शाल घेऊन तासभर बसायचं. घाम आला तर पुसायचा नाही, कारण तो मनाचा घाम. तासाने एकेकीने मुकाट्याने उठून मागच्या दाराने जाऊन यायचं. दारावर पाटी होती, 'मुक्तिद्वार'. आत काय होतं? संडास. तिथून आलं की दुसरं वजन.

माईंना दुकान आठवलं. रद्दी घेऊन येणारी शहाणी माणसं रात्रभर गठ्ठ्यावर पाणी शिंपडून आणायची. ओला कागद जास्त भरतो. माई गठ्ठ्यात हात घालायच्या आणि म्हणायच्या, वाळवून आणा, मग भाव बोलू. ही इथे बसलेली सगळी भिजवलेली रद्दी होती. ओली असताना एकदा तोलायची, वाळल्यावर एकदा.

त्यांच्या हातातला जग त्यांनी खिडकीतल्या कुंडीत ओतला होता. शालही घेतली नव्हती. मुक्तिद्वाराकडे तर त्या फिरकल्याच नाहीत. दुसऱ्या मापाला काटा होता तिथेच राहिला.

"माई," बाबा मधाळ हसले, "तुमचं ओझं अहंकाराचं आहे. त्याला वेळ लागतो."

हॉल हसला. पुढच्या खुर्चीत सुनेने मान खाली घातली. माई मात्र काट्यावरून उतरल्या नाहीत. त्यांनी सेविकेच्या हातातला भरलेला जग ओढून घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, घटाघट रिकामा केला. वाटेत दोनदा थांबून दम घेतला. रिकामा जग तिच्या हातात परत दिला आणि बाबांना म्हणाल्या, आता आकडा वाचा.

काटा जवळजवळ एक किलो वर गेला होता.

"वाचा की," माई म्हणाल्या. "मी इथे उभ्या उभ्या किलोभर दुःखी झाले. एवढं कोण मेलं माझं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग माईंनी सगळं उलगडून सांगितलं. पाण्याला वजन असतं. ते पोटात गेलं की काट्यावर येतं, घामातून आणि त्या मागच्या दारातून निघून गेलं की काट्यावरून जातं. तुमची चिंता मोरीतून वाहून जात नाही, बायांनो, गेलं ते पाणी. पुढच्या वेळी जग पिऊ नका, आणि मग बघा बाबांचा काटा हलतो का.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. बँकेतल्या कारकुनाने सेविकेकडे, मग जगाकडे पाहिलं. शाळेतल्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्या भांडायला उठल्या नव्हत्या, विनवणी केल्यासारखं बोलल्या.

"पण माई, इथे आल्यावर आम्हाला खरंच बरं वाटतं हो."

"वाटणारच," माई म्हणाल्या. "आठवडाभर तुम्हाला कुणी पोटभर पाणी पिऊ देत नाही, बसू देत नाही आणि वेळेवर मुतू देत नाही. इथे तिन्ही मिळतं. त्याला बाबा कशाला लागतो?"

तिथे माई जिंकल्या असत्या. लोक उठायलाही लागले होते. पण बाबा मुरलेला माणूस. ते चिडले नाहीत. पुढे जाऊन त्यांनी सुनेच्या खुर्चीमागे हात ठेवला.

"माई म्हणतात पाणी. मान्य करू. मग या ताईंचं काय? यांचं दर आठवड्याचं पहिलं माप घ्या. जग सगळे तेवढाच पितात. यांचं वजन का उतरत चाललंय? हेही माईंनी सांगावं."

ओली रद्दी वाळली की थांबते. आपोआप रोज हलकी होत जाणारी रद्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि हॉलने ते ताबडतोब ओळखलं. उठलेली माणसं खाली बसली. टाळ्या सुरू झाल्या, मघापेक्षा मोठ्या.

घराच्या दाराशी आल्यावर सून म्हणाली, "आई, कारखान्यात मला नळ म्हणतात. घरी तुम्ही बोलता. तिथे एवढ्या लोकांत मला चांगलं म्हणतात. तेवढी एक जागा राहू द्या."

माईंनी आयुष्यात हजार उत्तरं फेकली होती. या वेळी त्यांनी माठातून पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला. पुढे त्यांनी एकदा, ताट वाढता वाढता, डॉक्टरला दाखवून ये म्हणून सांगितलं. सून म्हणाली, बाबांना विचारलंय. तहान म्हणजे मन धुऊन निघतंय, आणि वारंवार लघवी म्हणजे जुना ताण बाहेर पडतोय. शिवाय दवाखान्यात गेलं की खाडा, आणि खाडा झाला की पर्यवेक्षिणीचं तोंड. माईंनी जास्त ताणलं नाही. त्या भरल्या हॉलमध्ये त्यांचा शब्द एकदा खाली पडला होता, आणि तो पुन्हा पाडून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

काही आठवड्यांनी सून मशीनवरच कोसळली. आधी उलट्या झाल्या, मग लांब लांब श्वास घ्यायला लागली, मैलभर धावून आल्यासारखी. ओळीतल्या बायकांना वाटलं, सगळा ताण एकदमच निघतोय. एकीने तिच्या कपाळावर हात ठेवून बाबांनी शिकवलेली वाक्यं म्हटली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला तो असा.

माई पोचल्या तेव्हा तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता आणि ती कुणाला ओळखत नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि रागावलेल्या होत्या, पण कुणावर रागवावं ते त्यांना कळत नसावं. त्यांनी माईंना बाकावर बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. साखरेचा आजार. खाल्लेली साखर शरीराला वापरताच येत नव्हती. ती रक्तात साचत होती आणि लघवीतून बाहेर पडत होती, आपल्याबरोबर पाणी ओढून. म्हणून ती तहान. आणि भुकेलेलं शरीर मग स्वतःचंच मांस आणि चरबी जाळून खात होतं. त्या जळण्याचं विष आता रक्तात चढलं होतं.

"वजन एवढं उतरत होतं," त्यांनी विचारलं, "कुणाला शंका नाही आली?"

"लोक टाळ्या वाजवत होते," माई म्हणाल्या.

मग माईंनी विचारलं, आधी आणली असती तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोट टोचून एक थेंब रक्त बघायचं असतं. रोजचं औषध सुरू झालं असतं. जगून म्हातारी झाली असती ती. आता हातात फारसं काही राहिलं नाही.

म्हणजे भर हॉलमध्ये बाबांनी जो सवाल टाकला होता, त्याचं उत्तर हे होतं. बाबांकडेही ते नव्हतं. फरक एवढाच, की माई गप्प बसल्या आणि बाबांनी त्या न कळण्यालाच चमत्कार म्हणून विकलं.

सून शुद्धीवर आली नाही. माईंचा मुलगा पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं.

कारखान्यातल्या बायका सुट्टीच्या दिवशी भेटायला आल्या. खाली चटईवर दाटीने बसल्या. मग सुनेच्या शेजारच्या मशीनवर बसणारी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाबा म्हणाले, जाताना अगदी हलकी होऊन गेली. काही ओझं ठेवलं नाही."

माईंचा आवाज चढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू बोलल्या असतील.

"हलकी नाही झाली, संपत होती. तिचं शरीर तिला खात होतं आणि आपण आकडा बघत होतो. मनाला काटा लागत नाही गं. जो लावून दाखवतो तो लबाड. तहान भागत नसेल, उपास न करता अंग उतरत असेल, तर त्याला ताण म्हणून सोडू नका, रक्त तपासा. आणि मन जड झालं तर पाणी प्या, थोडं बसा, कुणाशी तरी बोला. माझ्याशी बोला. शिव्या देईन, पण ऐकेन."

बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर माईंचे पाय धरले. मग त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि उठल्या. हलकेबाबांचा वर्ग सुरू व्हायची वेळ झाली होती.

घराच्या जिन्यावरून त्यांचं बोलणं वर ऐकू आलं.

"माई खरं सांगतात गं."

"खरं आहे. पण उद्या पुन्हा तीच ओळ आणि तोच एक बिल्ला. आठवड्यातून तासभर कुणी बसायला देतं, ते तेवढंच. मग जायचं कुठे?"

ह्याचं उत्तर माईंकडे नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. पण खरं उत्तर सापडत नाही म्हणून खोटं उत्तर खरं होत नाही, एवढं तरी तुम्ही वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आणि तुमच्या घरात कुणी आपोआप हलकं होत असेल तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याला उठवून डॉक्टरकडे न्या. ते रागावलं तरी न्या.