मऊ स्प्रिंगची बाजू

चैत्रातल्या सकाळी डांबरावरून धावणाऱ्या टायरला एक सलग, घोगरा स्वर असतो. तो जिथे क्षणभर तुटतो, तिथे मृण्मयीची मान किंचित वळते. बाकीचे सगळे गाडीकडे पाहत असतात. ती रस्त्याकडेला उकिडवी बसून डोळे मिटते, तळवा जमिनीला टेकवते. स्वर तुटला म्हणजे चाक जमिनीवरून सुटलं, आणि सुटलेलं चाक कितीही वेगाने फिरो, ते गाडीला वळवू शकत नाही, थांबवू शकत नाही.

भोपाळच्या अयोध्या नगरात, कारखान्याच्या वसाहतीलगत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या कॉलेजची शर्यतीची गाडी आकार घेत होती. देणग्यांसाठी टीमची आवाहनं मी लिहायचे. सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के पेलणारी जोडणी, मृण्मयीकडे होतं. वडिलांच्या सरकारी नोकरीपायी नागपूरहून इथे आलेलं तिचं घर. तिचं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. मत मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच.

शर्यतीची गाडी दगडासारखी कडकच हवी, ही आमच्या कप्तानाची, सौरभची श्रद्धा. तिने मऊ स्प्रिंगा निवडल्या तेव्हा तो हसला, "गद्दा बना रही है क्या? रेस में सोना है?"

"तू सो ले। मुझे टायर ज़मीन पे चाहिए।"

स्पर्धा तोंडावर आली होती, म्हणून टीमने तोडगा काढला: स्प्रिंगा तिच्या, डॅम्पर त्याचे. भोपाळात डॅम्परला सगळे शॉकरच म्हणतात. टाळ्या पडल्या. सभ्य, समंजस आणि खोटा तोडगा! स्प्रिंग धक्का पोटात घेते, शॉकर तिची उसळी आवरतो. पण मऊ स्प्रिंगला फार कडक शॉकर जोडला, तर दबलेलं चाक पुन्हा खाली पोहोचायच्या आत पुढचा उंचवटा येऊन ठेपतो. वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर ओळीने असलेल्या बारक्या स्पीडब्रेकरांवरून गाडी गेली, ती दर ब्रेकरला थोडी थोडी बसत, ओझ्याखाली वाकत जाणाऱ्या माणसासारखी. अखेर तिचं पोट रस्त्याला घासलं.

"देखा? बैठ गई तेरी स्प्रिंग," सौरभ म्हणाला.

शेडमध्ये परतल्यावर मृण्मयीने पाना घेतला आणि ती गाडीखाली सरकली.

"अब क्या कर रही है?"

"अपनी स्प्रिंग निकाल रही हूँ। या तो सब तेरा लगा, या सब मेरा। आधा-आधा नहीं चलेगा।"

मी मोर्चांतल्या घोषणांमध्ये वाढलेली. आपली बाजू उंच आवाजात मांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. आपल्या बाजूचे तुकडे होऊ नयेत म्हणून ती पुरती सोडायला निघालेलं माणूस पहिल्यांदाच पाहत होते. अख्खा हिवाळा घालून निवडलेली ती स्प्रिंग तिने आटे दुखावणार नाहीत अशा बेताने सोडवली, पुसली आणि फडक्यावर ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्या स्प्रिंगच्या नटाला पाना लागला, तेव्हा सौरभ तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"रुक," तो म्हणाला. "सब तेरा।"

आपले शॉकर त्याने स्वतःच काढले आणि तिने निवडलेले बसवले.

मृण्मयी आता दूरच्या शहरात नोकरी करते, आणि त्या गाडीचे भाग सुटे होऊन नव्या गाड्यांत मिसळून गेले आहेत. माणूस नजरेआड झालं की त्याचं यशही उन्हातल्या कापडासारखं विटत जातं. मला आता त्या स्पर्धेतला आमचा क्रमांकही आठवत नाही, पण पूर्ण हरायची तयारी ठेवून तिने स्वतःच्याच स्प्रिंगवर पाना कोणत्या दिशेने फिरवला होता, ते काळाला अजून पुसता आलेलं नाही.