ज्याची गोळी त्याची पावलं

जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कारूच्या माळावर उजाडताना गुरांच्या टाकीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. अशा वेळी शहाणा माणूस हरणामागे निघत नाही. पवनचक्कीच्या आडोशाला शेकोटी करायची, काळी कॉफी उकळायची, त्यात कडक टोस्ट बुडवून खायचे आणि ऊन वर येईपर्यंत थापा मारायच्या. थापांचा विषय ठरलेला: कोणी किती लांबून काय पाडलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या ऐकते आहे, आणि माझा अनुभव असा की मेलेलं हरीणसुद्धा दर वर्षी थोडं मागे सरकतं.

त्या सकाळीही शेजारच्या नील्सनं सुरुवात केली. "तो कुडू मी साडेचारशे पावलांवरून पाडला. वारा असा, की टोपी डोक्यावर ठरेना."

"गेल्या वर्षी चारशे होती," मी म्हटलं.

"गेल्या वर्षी माझा गुडघा दुखत होता, हेस्टर. लक्ष कुठे होतं? आणि तू ती कॉफी आणते आहेस, की तिची वरात काढली आहेस? येईस्तोवर गार होईल."

माझ्या संथ चालीवर नील्स बोलणार हे ठरलेलंच. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना अख्खं गाव माझ्यामागे खोळंबतं, असं तो सगळ्यांना सांगत फिरतो. मी त्याला मुद्दाम तळातली गाळाची कॉफी दिली.

मग ब्राम बोलायला लागला. ब्राम माझा धाकटा दीर, प्रिटोरियात इंजिनिअर, उंची साडेसहा फूट. मी बाई म्हणून उंचच, पण त्याच्याशी बोलताना माझीही मान दुखते. त्यानं फोन काढून नामिबियातला फोटो दाखवला. मोठ्या शिंगांचं हरीण, शेजारी ब्राम, दोघांचे चेहरे सारखेच गंभीर.

"सहाशे दहा मीटर," तो म्हणाला. "एक गोळी. जागच्या जागी बसलं."

शेकोटीच्या पलीकडे टान्ट मिमी खुर्चीत बसली होती. ती माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, सगळ्यांची टान्ट, म्हणजे आत्या. कान जड झालेत, पण आपल्याला हवं तेवढं तिला बरोबर ऐकू येतं. "चालत गेलास का रे तिथवर?" तिनं विचारलं.

"गाडी होती ना, टान्ट. वळसा घालून गेलो."

"मग ती गोळी नव्हे. ती सहल."

नील्स इतका हसला की टोस्ट त्याच्या घशात अडकला. ब्रामही हसला, पण त्याची नजर टान्टच्या मांडीवर होती. तिथे घोंगडीत गुंडाळलेली ओपा वेसलची बंदूक होती.

ओपा वेसल म्हणजे माझे सासरे. मार्चमध्ये गेले. शेत त्यांनी आधीच वाटून दिलं होतं. घरदार, मेंढ्या, विहिरी यांवरून घरात कुणाचं वाकडं नव्हतं. राहिली होती ती फक्त बंदूक, जुनी माउझर, जिच्या दस्त्यावर त्यांच्या गालानं लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिच्याबद्दल ते शेवटच्या आठवड्यात टान्टला बोलून गेले होते. माझ्या चारशे पावलांच्या पुढे घरातला जो कोणी हरीण पाडील, एकाच गोळीत, आणि मी मोजलं तसं मोजील, त्याला ती द्यायची.

ती चारशे पावलं सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. कड्याखालच्या सपाट खडकावरून त्यांनी गोळी घातली होती, आणि हरीण पडलं तिथे दगड रचून ठेवले होते. माझ्या नवऱ्याचा, आटीचा, तेव्हा जन्मही व्हायचा होता.

मला ती बंदूक हवी होती. उगीच आढेवेढे घेत नाही, हवीच होती. आटी जाऊन नऊ वर्षं झाली. तो गेल्यावर या घरात ओपा वेसल आणि मी, दोघंच. तरुणपणी घोड्यावरून पडल्यापासून त्यांचं कंबरेचं हाड नीट बसलं नव्हतं, डावा पाय ओढत चालायचे. तरी रोज संध्याकाळी कुंपणाची फेरी चुकवायचे नाहीत. त्यांच्या शेजारून मी चालायचे आणि ती बंदूक माझ्या खांद्यावर असायची. तिचं वजन माझ्या खांद्याला पाठ आहे.

"हे बघ, हेस्टर," ब्राम कॉफी संपवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू आमचीच आहेस. पण बंदूक रक्तात राहावी असं मला वाटतं."

"आणि मी?"

"तू लग्नानं आलीस."

तो हे वाईट बुद्धीनं बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट बुद्धीनं बोलणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात. मी कॉफीचा गाळ शेकोटीत ओतला.

ऊन वर आलं तसे आम्ही कड्याखाली आलो. टान्ट नील्सच्या पिकअपमध्ये, पुढच्या सीटवर, पायांवर घोंगडी. ब्राम आधी सपाट खडकावर चढला, खिशातून अंतर मोजायची छोटी दुर्बीण काढली आणि माळावरच्या दगडांच्या ढिगावर रोखली. त्यानं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मोठ्यानं हसला.

"दोनशे एक्क्याऐंशी मीटर. चारशे म्हणे! बाबांनी सगळ्या जिल्ह्याला जन्मभर शेंड्या लावल्या."

"ते खोटं बोलत नसत," मी म्हटलं.

"अगं, यंत्र खोटं बोलतं का? शिकारी माणूस, थोडं वाढवून सांगणारच. नील्सकाका बघ."

"मला मध्ये ओढू नकोस," नील्स म्हणाला, पण त्याचाही चेहरा पडला होता. लहानपणापासून तो त्या चारशे पावलांवर पोसला गेला होता.

 आता बंदूक बाजूलाच राहिली, म्हाताऱ्याचा शब्दच पडला होता, आणि मी उभी राहून ऐकत होते.  टान्टकडे पाहिलं, तर ती खिडकीतून शांतपणे ढिगाकडे बघत बसली होती.

पहिला कळप आला तेव्हा ब्राम खडकावर आडवा झाला. त्याचं कसब मी नाकारत नाही. वारा पाहिला, अंतर पाहिलं, बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती टिकटिक फिरवली, श्वास सोडला. जवळची हरणं त्यानं जाऊ दिली, कारण त्याला बापाला चांगलं हरवायचं होतं. गोळी सुटली, आणि दूर कळपाच्या कडेचा एक नर गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. शिकार स्वच्छ झाली होती.

"तीनशे बहात्तर मीटर," ब्राम उठून कोपरांवरची धूळ झटकत म्हणाला. "टान्ट, बंदूक पुसून ठेवा."

"हेस्टरची पाळी आहे," टान्ट म्हणाली.

दुसरा कळप माझ्या बाजूला वळायला बराच वेळ लागला. मी आटीची जुनी बंदूक खडकावर टेकवून पडून राहिले. दूर, ब्रामच्या हरणाच्याही पलीकडे, एक मोठा नर उभा होता. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ओपा वेसलचा एक नियम होता, आणि तो त्यांनी माझ्या कानात घासून घासून बसवला होता: जेवढं चालायची तयारी, तेवढ्याच लांब मारावं. तो नर माझ्या आवाक्यातला नव्हता. जखमी होऊन पळाला असता, तर संध्याकाळपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरावं लागलं असतं. मी त्याला सोडला. जवळच्या एका नराची कूस माझ्याकडे वळली, त्याच्या खांद्यामागे नेम धरला आणि घोडा ओढला. तो जागीच कोसळला.

ब्रामची दुर्बीण तयारच होती. "दोनशे ब्याण्णव. चांगली मारलीस, खरंच. पण माझ्यापेक्षा ऐंशी मीटर कमी."

"दिसतं मला," मी म्हटलं. हरले हे मला कळलं होतं. गोळीचं वाईट वाटत नव्हतं, बंदुकीचं वाटत होतं.

तेवढ्यात टान्ट मिमीनं पिकअपचं दार उघडलं. "झालं ना मारून? आता चाला."

"कुठे?" ब्राम म्हणाला.

"आपापल्या हरणापर्यंत. वेसलनं कसं मोजलं होतं? बसल्या जागी नळकांड्यातून? मोठ्यानं मोज. माझे कान जड आहेत."

ब्राम हसत निघाला. वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि त्या लांबलचक टांगा टाकत, झुडपांवरून उड्या मारत चालला. पुढाऱ्यासारखी छाती काढून, आकडे माळभर घुमवत. टान्टला ऐकू यावं म्हणून नील्स पिकअप त्याच्या मागोमाग रांगत नेत होता. मी बाजूनं चालत होते. तीनशेपर्यंत ब्राम मजेत होता. साडेतीनशेला त्यानं मान वर करून पाहिलं. हरीण अगदी समोर होतं. तो थबकला, मग पुढे गेला, पण आता आवाज उतरला होता.

"तीनशे सहासष्ट," तो हरणाच्या शिंगांपाशी उभा राहून म्हणाला.

"चारशेच्या आत," टान्ट म्हणाली.

"टान्ट, हे मीटर…"

"वेसल मीटर म्हणाला होता का? तो पावलं म्हणाला. मी मोजलं तसं मोजायचं, म्हणाला. आमच्या बापाच्या वेळेपासून या शेतावर ज्याची गोळी त्याची पावलं. मारलं कुणी? तू. मग आणायला जायचं कुणी? शेजाऱ्यानं?"

"मग मी पुन्हा चालतो. छोटी पावलं टाकून."

"आता टाकतोस छोटी? मघाशी शहामृगासारखा पळत होतास." टान्टनं घोंगडी नीट केली. "हेस्टर, निघ."

मी खडकाशी परत आले आणि तिथून निघाले. मनात पाप येत नव्हतं असं नाही. चार बोटं पाऊल आखूड टाकलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ते मोजणं कुणाचं होतं हे मला ठाऊक होतं. मी ठरवलं की पायांकडे बघायचंच नाही. समोर हरणाकडे बघायचं आणि रोज चालते तसं चालायचं.

शंभर. दोनशे. झुडपांतून एक ससा उठून पळाला. तीनशेला ब्राम माझ्या शेजारी आला आणि माझ्या बुटांकडे बघत चालू लागला. साडेतीनशेनंतर माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. चारशे म्हटलं तेव्हा मी एका उकरलेल्या बिळापाशी होते आणि हरीण अजून पुढे होतं. मागे पिकअपमध्ये नील्स काहीतरी पुटपुटला.

"चारशे सतरा," मी म्हटलं आणि हरणाच्या मानेवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

"थांब," ब्राम म्हणाला. "तुझे पाय लांब आहेत, हेस्टर. तू माझ्या खांद्याला लागतेस. तू एवढी आखूड चालत नाहीस. मुद्दाम टाकलीस ही पावलं."

माझं तोंड उघडलं होतं, पण नील्स आधी बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या कामाला आला. "मुद्दाम? मग ही बाई चर्चमध्ये नऊ वर्षं मुद्दाम चालते आहे. तिच्यामागे आम्ही सगळे उपाशी. माझ्या बायकोला विचार."

"आधी अशी चालायची नाही," टान्ट मिमी म्हणाली. "नवी नवरी होऊन आली तेव्हा घोडीसारखी चालायची. मी वेसलला म्हणालेसुद्धा, ही तुझ्या आटीला मागे टाकेल."

हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आपण कसं चालतो याचा कोण विचार करतं?

 ब्राम इंजिनिअर माणूस, बोलणं संपलं की हिशोब करतो. त्यानं फोन काढला, माझे दोनशे ब्याण्णव घातले, चारशे सतरानं भागले. मग थांबला. दूरवर दगडांच्या ढिगाकडे पाहिलं आणि पुन्हा भागाकार केला, या वेळी बापाचा. दोनशे एक्क्याऐंशी भागिले चारशे.

"सत्तर," तो म्हणाला. "दोन्ही सत्तर. तुझं पाऊल सत्तर सेंटिमीटर, आणि बाबांचंही."

"म्हणजे?" नील्सनं विचारलं.

"म्हणजे चारशे खरी होती." त्यानं फोन खिशात टाकला. टोपी डोळ्यांवर ओढली. "सातव्या वर्षी मला बोर्डिंगला घातलं, टान्ट. मग कॉलेज, मग नोकरी. मी कधी त्यांच्याबरोबर चाललोच नाही. नुसतं गाडीतून उतरून भेटायचो."

कुणी त्याची समजूत काढली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. नील्सनं नाक शिंकरलं आणि थंडीला शिव्या दिल्या.

ब्राम पिकअपपाशी गेला, टान्टच्या मांडीवरून घोंगडीची गुंडाळी उचलली आणि माझ्याकडे घेऊन आला. रक्ताबद्दल आता तो बोलला नाही. मी घोंगडी सोडली. बंदूक खांद्यावर घेतली, आणि ती आपल्या जागी जाऊन बसली. मला रडू आलं, आणि आलं ते मी येऊ दिलं.

हरीण मात्र ज्याचं त्यानंच आणायचं असतं. मी वाकले तेव्हा ब्रामनं मागचे पाय धरले होते. "बंदूक तुझी, पण वजन अर्धं माझं," तो म्हणाला. टान्टनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

दोघांनी हरीण काठीला बांधून खांद्यांवर घेतलं आणि शेकोटीकडे निघालो, तो पुढे, मी मागे. चार पावलांतच काठी माझ्या खांद्यावरून सुटायला लागली. तो थांबला, मागे वळला, पुन्हा निघाला, पुन्हा ओढ बसली. मग त्यानं पाऊल आखूड केलं. अवघडल्यासारखा, खाली बघत, एकेक पाऊल टाकत चालला.

"असेच चालायचे का ते?" त्यानं मागे न बघता विचारलं.

"असेच," मी म्हटलं. "आणि जो पुढे पळेल त्याला शिव्या द्यायचे."