बैलगाडी एक, मोटरसायकल पाव

आकाराम चौगुले यांनी दूध संस्थेत एकतीस वर्षं फॅट काढली, म्हणजे कुणाच्या दुधाला किती लागली ते मोजलं. गावातल्या प्रत्येक म्हशीची लायकी त्यांना दशांश चिन्हासकट पाठ होती. त्यामुळे त्यांना मान होता, मित्र नव्हते. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात किंवा राजकारणाला. आकारामअण्णा रेल्वेला लागले.

आमचं गाव रुकडीच्या अलीकडे, रुळाच्या दोन्ही अंगांना सांडलेलं. मधे गेट. रोज सकाळ-संध्याकाळ अण्णा केबिनशेजारच्या दगडावर बसत. आत फोन वाजला की गेटमन शिवमूर्ती चाक फिरवी, घंटा लागे, दिवा तांबडा होई, दांड्या खाली येत. एरवी ग्रामसभेत कुणाचं न ऐकणारं गाव तिथं मुकाट थांबे. मग लांबचा सिग्नल हिरवा होई आणि गाडी येई. अण्णा दूध संस्थेच्या जुन्या वहीत नोंद करत. फॅटच्या रकान्यात इंजिनाचा नंबर, एसएनएफच्या, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेल्या घटकांच्या, रकान्यात गाडी किती मिनिटं उशिरा. टेम्पोवाला आदर्श दांडीखालनं वाकून विचारायचा, "अण्णा, हरिप्रिया एक्स्प्रेसला आज किती लागली?" अण्णा गंभीरपणे सांगायचे, "बारा मिनिटं."

मग रेल्वेचं पत्र आलं, की गेटवरची वाहनं सात दिवस मोजणार. गावाला एवढंच कळलं, की वर्दळ कमी भरली तर गेट बंद करतात आणि मग पुढच्या गेटपर्यंत चार किलोमीटरचा वळसा. सरपंच क्रांतीताईंनी सभा बोलावली. मोजणीच्या आदल्या दिवशीच येऊन ठेपलेल्या माणसाशी अण्णांची एव्हाना ओळख झाली होती. गाव विचारतंय म्हटल्यावर अण्णांनी उभं राहून हिशेब सांगितला. ट्रॅक्टर एक धरतात, बैलगाडीही एक, मोटरसायकल मात्र पाव.

 मग सगळ्यांच्या माना एकदम गोठ्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिली बैलगाडी गेट ओलांडून गेली आणि सात वाजून चार मिनिटांनी परत आली. गावात सहाच बैलगाड्या होत्या, त्यातल्या दोन शर्यतीच्या, त्यामुळे त्यांच्या फेऱ्या जास्त झाल्या. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या ऊस नसताना धावल्या. आदर्शचा टेम्पो त्याच चार किटल्या घेऊन अकरा वेळा दूध घालून आला. गेट बंद झालं की दोन्हीकडं रांग लागे आणि माणसं खोळंबल्याचा आनंद मानत. मोजणारा निर्विकार चेहऱ्यानं रेघा मारत होता. त्याला मोजायला सांगितलं होतं, विचार करायला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर शिवमूर्ती दगडावर अण्णांच्या शेजारी येऊन बसला. तो बेळगावकडचा, बोलायच्या आधी शब्द जुळवून घेणारा.

"अण्णा, लई भरलं तर रुळाखालनं बोगदा करत्यात. गेट काढून टाकत्यात."

"आणि कमी भरलं तर?"

"तर बोगदा न करता काढत्यात."

अण्णांनी वही मिटली. "मग गेट ऱ्हायाला नेमकं किती भराय पायजे?"

शिवमूर्तीनं बोटांवर हिशेब करून पाहिला. "कुणी मोजलंच न्हाई पायजे."

अण्णा तसेच क्रांतीताईंच्या दारात गेले. निम्मी बैलं तरी उद्या घरी ठेवा म्हणाले. ताईंनी चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"बोगदा झाला तर ब्येसच की अण्णा. दिवसातनं धा वेळा ताटकळायचं वाचंल."

यावर अण्णांना एकच उत्तर होतं, की मग मी गाड्या कुठनं बघू. साठीला आलेल्या, नातवंडं असलेल्या माणसानं सरपंचांच्या सोप्यात बसून हे वाक्य कसं उच्चारायचं, ते त्यांना कळेना. म्हणून ते म्हणाले, "बोगद्यात पाणी साचंल."

"मोटर बसवू," ताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी अण्णांनी आदर्शला रस्त्यात अडवून पुरे आता म्हणून सांगितलं. अण्णा टोमणा मारताहेत, एका टेम्पोनं त्यांचं समाधान होत नाही असं समजून त्यानं दुपारी मेव्हण्याचाही टेम्पो आणला. सातव्या दिवशी सकाळी शर्यतीच्या गाडीत अण्णांना स्वतःच्या बायकोची, शालूबाईंची, पाठ दिसली. त्या गेट ओलांडून गेल्या, चार मिनिटांनी परत आल्या आणि अण्णांकडे बघून हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या त्यांच्या छंदात सामील झाल्या होत्या. अण्णांनीही हात केला.

दीड वर्षात बोगदा झाला. गेट गेलं, घंटा गेली, केबिन पाडली. रुळाच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर भिंती आल्या. शिवमूर्तीची बदली झाली. जाताना केबिनमधलं घड्याळ अण्णांना द्यावं असं त्याच्या मनात होतं, पण ते रेल्वेचं होतं.

उद्घाटनाला अण्णांना फेटा बांधला. बैलगाडी एक धरतात हे ज्यांनी गावाला सांगितलं, त्यांच्यामुळंच आजचा दिवस दिसला, असं ताई म्हणाल्या आणि ते खोटं नव्हतं. फीत अण्णांच्याच हातनं कापली. टाळ्या सुरू असतानाच डोक्यावरचा स्लॅब थरथरला. वरून कोयना एक्स्प्रेस चालली होती. अण्णांनी मान वर केली. फेटा मागं घसरला. वर सिमेंट होतं.

अण्णा अजूनही जातात. बोगद्याच्या भिंतीला टेकून, वही घेऊन उभे राहतात. परवा आदर्शनं टेम्पो थांबवला.

"अण्णा, हितं काय करताय?"

"गाडी गेली आत्ता."

"कुठलं इंजिन हुतं?"

अण्णांनी वही त्याच्यापुढं धरली. वेळ लिहिलेली होती, एसएनएफच्या रकान्यात सात मिनिटं होती. फॅटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"लागंना," अण्णा म्हणाले.