समाधी लागणारं बाळ

कांदे साठवायची चाळ रिकामी करून तिथं सतरंज्या अंथरल्या होत्या. चांदवडजवळच्या त्या गावात, माझ्या ताईच्या सासरी, पाय ठेवायला जागा नव्हती. समोर चौरंगावर, लाल साडीच्या घडीत, माझी अडीच महिन्यांची भाची. तोंडात न मावणारी जीभ बाहेर लोंबत होती आणि उजवा पाय डाव्यापेक्षा जाड दिसत होता. बाया त्या जिभेपुढे नारळ ठेवत होत्या.

"बघा, नीट बघा!" सहादू महाराज गरजला. "माणसाच्या पोरीची जीभ आशी आसती का? साक्षात काली हाय ती! माझ्या अंगाऱ्यानं हिच्या आईची कूस उजवली. आज देवीचा उपास. आता समाधी लागंल!"

उपास म्हणजे पहाटेपासून तिला दूध पाजू दिलं नव्हतं.

मी नाशिकहून डॉ. फलक शेख यांना घेऊन आलो होतो. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. "पोरगी मधूनच गार पडते रे," असं ताई फोनवर कुजबुजली, ते त्यांना सांगताच त्या म्हणाल्या होत्या, "आत्ताच निघू या."

आम्ही गर्दीतून पुढे सरकेपर्यंत बाळाची मान कलली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. रडणं थांबलं.

"समाधी! बोला जगदंब!" चाळ दणाणली. सहादूनं तीर्थाची पळी उचलली.

"थांबा!" डॉक्टरांनी त्याचा हात अडवला. "शुद्ध नसताना पाणी पाजलंत तर ते छातीत जाईल."

त्यांनी बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला. "साखर तिसाच्याही खाली. ही समाधी नाही, उपासमार आहे."

"आमच्या देवीला सुई टोचती?" ताईची सासू, झुंबरबाई, अंगावर धावून आल्या. मी मध्ये उभा राहिलो. डॉक्टर बाळाच्या गालाच्या आतून ग्लुकोजची जेल चोळत राहिल्या. मंत्र नाही, घंटा नाही.

बाळानं बोटं हलवली. मग ते रडलं.

डॉक्टरांनी पळीतलं तीर्थ चाखलं. "साखरेचा पाक! उपाशी ठेवलं की ही बेशुद्ध पडते, गोड मिळालं की जागी होते. एवढंच यानं हेरलंय. अशी एकेक समाधी हिच्या मेंदूला इजा करू शकते."

"मंग जीभ?" सहादू हसला. "ती बी साखरंनं वाढली व्हय?"

गर्दीतले काही जण हसले. डॉक्टर ताईकडे वळल्या. "आशाताई, गर्भ कसा राहिला?"

ताईनं दाजींकडे पाहिलं. दत्तू दाजींनी मान खाली घातली. मग तीच बोलली, "नाशिकला. टेस्ट ट्यूबनं. अंगारा आमी कधी खाल्लाच नाय."

"मला कुणी सांगितलं नाय," झुंबरबाई पुटपुटल्या आणि मटकन खाली बसल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "आईकडून, वडिलांकडून आलेल्या काही जनुकांवर खुणा असतात. हे चालू, ते बंद. त्या चुकल्या की वाढ आवरत नाही. जीभ मोठी होते, एक पाय जाड होतो, साखर उतरते. साध्या गर्भातही हे घडतं. टेस्ट ट्यूबच्या बाळांत थोडं जास्त, पण तरीही फार क्वचित. टेस्ट ट्यूबची बहुतेक बाळं धडधाकटच असतात."

दाजींनी पोरीला उचललं आणि कुणाकडे न बघता गाडीकडे चालू लागले. वाटेतल्या बाया तरीही तिच्या पाया पडत होत्या.

नाशिकच्या तपासणीत डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. या मुलांना मूत्रपिंडात, यकृतात गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. पहिली स्वच्छ आली. पण भाची सहा महिन्यांची झाली तरी अजून मान धरत नाही. त्या समाध्यांनी किती नुकसान केलं, हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही. सहादू त्याच संध्याकाळी पसार झाला. आता देवळा तालुक्यात त्याचा दरबार भरतो म्हणतात.

म्हणून हात जोडून सांगतो. बाळ गार पडलं तर आरती धरू नका, दवाखाना गाठा. गर्भ कसा राहिला हे डॉक्टरांपासून लपवू नका, त्यात लाज कसली? बाळाची एकदा देवी झाली, की त्याला कुणी तपासत नाही.