आईच्या डबीचा दुभाषी

जुना संगणक जळाला तेव्हा धाकटीने फारसं मनावर घेतलं नाही. नवा आणला, तारा जोडल्या, आणि पडद्यावर परदेशातल्या दादाचा चेहरा इतका लख्ख उमटला की आई डोळे पुसत हसली. मग सवयीने तिने डावा हात डबीकडे नेला आणि मोठी बटणं दाबली. डबी मुकीच.

अर्धांगाच्या झटक्याने आईची वाचा गेली होती, उजवा हातही. तेव्हापासून ती बोलायची ते या डबीतून. ती अक्षरं दाबायची, संगणक त्यांचे शब्द जुळवायचा आणि डबी ते घोगऱ्या आवाजात म्हणायची. "घशात कोंबडा बसलाय," असं दादाने चिडवलं, की डबी फटकन म्हणायची, "तुझा बाप काय मोठा गवई होता!"

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची बोली निराळी. ती समजणारा दुभाषी संगणक चालवणाऱ्या कार्यप्रणालीत असावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या प्रणालीत इंटरनेट जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाचा दुभाषी होता, म्हणून दादा दिसत होता. डबीचा नव्हता. जुन्या प्रणालीत तो होता, पण ती प्रणाली नव्या संगणकावर उभीच राहीना.

धाकटी याच धंद्यातली, तिची कंपनी हीच प्रणाली बनवायची. ड्रायव्हर गेला कुठे हे शोधताना तिला आपलंच नाव सापडलं. तो काढून टाकायला तिनेच होकार दिला होता. ऑफिसात विचारणा आली होती, हा ड्रायव्हर कोणी वापरतं का? पुढे नुसता आतल्या चिपचा क्रमांक. घरात त्या वस्तूला डबीच म्हणत, क्रमांक कोणाला ठाऊक! "अडगळ आहे, काढा," असं लिहून ती चहा प्यायला गेली होती.

जुना कोड मिळाला, पण बसेना. मधल्या काळात प्रणालीचे आतले रस्तेच बदलले होते. ती रजा टाकून घरी बसली.

"झालं का गं?" दादा रोज विचारी.

"बटणं पोचतायत. आवाज निघत नाहीये."

"आई काय म्हणते?"

"कशी म्हणणार, दादा?"

आई पलंगावरून बघत राही. सुरुवातीला उगाच एखादं बटण दाबून बघायची, मग तेही सोडलं. दुसरा झटका भर दुपारी आला. धाकटी त्याच खोलीत, पडद्याला नाक लावून बसलेली. डावा हातही गेला; दादाला तिने फक्त झटक्याचं कळवलं. आता घरीच ठेवा, डॉक्टर म्हणाले.

आणि मग डबी बोलली. धाकटीने चाचणीसाठी चार अक्षरं दाबली, तो ओळखीचा घोगरा आवाज खोलीभर झाला. पडद्यावरचा दादा ताडकन उठला.

"आई? बोल ना गं! मी वेळेवर आलो नाही म्हणून रागावलीस?"

कॅमेऱ्यात फक्त आईचा चेहरा दिसत होता. डोळे अर्धवट उघडे. त्यांत राग होता की माया, की काहीच नव्हतं, धाकटीला काही केल्या कळेना. दादा उत्तराची वाट बघत होता. तिने डबी मांडीवर ओढली आणि आईसारखीच, एका हाताने, सावकाश अक्षरं दाबली.

"नाही रे राजा," डबी म्हणाली.

दादा पोटभर रडला. मग नाक ओढत म्हणाला, "तीच बोलली ना? खरं सांग."

"तीच," धाकटी म्हणाली. आईकडे मात्र तिला बघवेना.