तांबडीनं पान्हा चोरला
दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं म्हणतात. पण त्या सकाळी तांबडीनं लाथ झाडली, चरवी भिंतीपर्यंत घरंगळत गेली आणि तिच्यात दुधाचा थेंबही नव्हता. त्यामुळे ती लाथ कुणालाच गोड लागली नाही.

गोठ्यात गर्दी होती. गाय विकत घ्यायला आलेला व्यापारी, काखेत छत्री मारून. गाय निरोगी आहे का ते बघायला त्यानंच बोलावलेली जनावरांची डॉक्टर. शहरातून खास आलेला माझ्या शेजारणीचा मुलगा, इस्त्रीची पँट वर दुमडून. गायीच्या पोटाशी उकिडवी बसलेली शेजारीण. आणि मी, बोलावणं नसताना. तिच्या गोठ्यात आणि माझ्या घरात एकच भिंत. भिंतीला कान असतात, मग मला पाय असले तर बिघडलं कुठं?

या माझ्या शेजारणीला सगळं गाव होयबाई म्हणतं. बापानं स्थळ आणलं, होय म्हणाली. नवरा म्हणाला, विहिरीकडचा तुकडा भावाला देऊन टाकू, होय म्हणाली. नवरा वारला, आणि आता मुलगा म्हणाला, "आई, गाय विकून टाक आणि माझ्याकडे चल," तर त्यालाही होय. मुकी बिचारी कुणीही हाका, अशी तिची गत. मी कितीदा तिला म्हटलं, अगं, एकदा नाही म्हणून बघ, जीभ झडायची नाही तुझी. त्यावरही ती होयच म्हणाली.

नवरा गेल्यापासून ती बोलायची ती फक्त तांबडीशी. रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. कालवणात मीठ जास्त पडलं, पाठ धरलीय, मागचं कौल फुटलंय. आधी हे बोलणं, मग चरवीत धारेचा आवाज. त्या आवाजावर मी चहाचं आधण ठेवायची. माझ्या घरात माणसं चिक्कार, पण कुणी कुणाशी बोलत नाही. त्यामुळे ती जाणार हे कळल्यापासून माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी ती गायीशी एक शब्द बोलली नाही.

"धार डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी गाय टेंपोत चढवत नाही," व्यापारी म्हणाला. टेंपो गल्लीच्या तोंडाशी उभाच होता.

होयबाईनं पुन्हा सड धरले. वासरू सोडून बघितलं, त्यानं ढुशा दिल्या, तरी तांबडी पाठ कमानीसारखी ताठ करून उभी. मग व्यापारी स्वतः बसला, आणि गायीच्या शेपटीचा फटका तोंडावर घेऊन उठला.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो गाल पुसत म्हणाला.

डॉक्टरनं कासेवरून हात फिरवला. "आडात भरपूर आहे हो. ताप नाही, गाठ नाही. तिनं पान्हा चोरलाय, दूध वर धरून ठेवलंय." मग तिनं होयबाईचं मनगट हातात घेतलं. "मावशी, हात केवढे गार पडलेत तुमचे!"

"होय," होयबाई म्हणाली.

"आणखी काय होतंय?"

"काही नाही. छातीत धडधडतंय. तोंडाला कोरड पडलीय. कालपासून घास उतरत नाही."

"मग गायीला काय झालंय ते वेगळं कशाला शोधायचं? दोघींना एकच झालंय. जीव घाबरला ना, की अंग पळायच्या नाहीतर झुंजायच्या तयारीला लागतं. काळीज जोरात चालतं, कातडीतलं रक्त आत ओढलं जातं, म्हणून हात गार. खाणं पचवणं, झोपणं, दूध सोडणं ही सगळी निवांतपणाची कामं. अंग ती बाजूला ठेवतं. मेंदूकडून पान्हा सोडायचा निरोपच निघत नाही. गोठ्यात अनोळखी माणसं, आणि तुमचा हात रोजचा नाही, हे तिला लगेच कळलं."

मुलगा हसला. "आईला कसली भीती? तिनं स्वतः होय म्हटलंय."

"तोंडानं म्हटलं असेल," डॉक्टर म्हणाली.

"ते राहू द्या. पान्हा उतरायचं इंजेक्शन असतं ना? एक द्या टोचून. आजचं भागलं की झालं."

"असतं. दिलं तर धार लागेल." ती होयबाईकडे वळली. "पण गाय मावशींची आहे. मावशी, देऊ?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. माझं तोंड शिवशिवत होतं, पण मी पदर दातांत धरला. होयबाईच्या ओठांवर होय आलेला मला दिसला. जन्मभराची सवय ती. तिनं तांबडीच्या पोटावर तळहात टेकला आणि तसाच ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

इतक्या हळू, की व्यापाऱ्यानं "काय?" म्हणून विचारलं.

"नाही. सुई नको. गाय विकायची नाही मला. आणि तुझ्याकडेही नाही यायचं रे बाळा."

मुलाचा चेहरा पडला. "मग आधी का नाही बोललीस? मी रजा काढून आलोय."

ती तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"बस मग एकटी गायीबरोबर," असं म्हणून तो बाहेर पडला. चहा ठेवलेला होता, तोही घेतला नाही. रिकाम्या टेंपोत व्यापाऱ्याच्या शेजारी बसून गेला. मला खरं तर नाचावंसं वाटत होतं. पण ती दारात उभी होती, आणि टेंपोची धूळ बसली तरी उभीच होती, म्हणून मी मुकाट्यानं घरी आले.

संध्याकाळी मी आधण न ठेवता भिंतीशी बसून राहिले. मग तिचा आवाज आला. काय बोलत होती ते कळलं नाही, मध्येच नाक ओढत होती. बोलणं लांबत गेलं, सावकाश झालं. आणि मग धार लागली. दोन वेळचं तुंबलेलं दूध, चरवीत नुसतं घुमत होतं.

मी गेले तर ती फेसानं भरलेली चरवी पुढ्यात घेऊन बसली होती. मी तिचा हात धरून बघितला. चांगला ऊबदार होता.

"एवढं दूध," ती म्हणाली, "आणि प्यायला कोण?"

तिनं दोन पेले भरले. एक मला दिला. दुसरा तिच्या मुलाचा होता, लहानपणचा, कडेला पोचा आलेला. तो तिनं उंबऱ्यापाशी ठेवला.

"रागावून गेलाय गं. परत येईल ना?"

गावात माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात. पण मला होयही म्हणता येईना आणि नाहीही. दूध निवून त्यावर साय धरेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.